म्वानाकोंबोची बाजू

अथुमानी या खेपेला गादी घेऊन आला नाही, नुसता स्वतःच आला. दुकानाच्या पायरीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “म्झे, रागावू नका. पण पुन्हा तसंच होतंय.”

“तसंच म्हणजे कसं?”

“पूर्वी मी तिच्या अंगावर घरंगळायचो. आता ती माझ्या अंगावर घरंगळते.”

शेंबिलूने हातातलं दाभण समोरच्या गादीत खुपसून ठेवलं. टांगा नावाच्या बंदरातल्या बाराव्या गल्लीत चाळीस वर्षं गाद्या भरणारा हा म्हातारा. वयाचा मान म्हणून लहानथोर त्याला म्झे म्हणायचे, आणि त्याची गादी कुणी परत आणल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ही एक गादी मात्र त्याच्या डोक्याचा पार भुगा करत होती.

अथुमानी आणि त्याची बायको म्वानाकोंबो हे जोडपं अख्ख्या गल्लीच्या ओळखीचं होतं. तो तांदळाचा व्यापारी, पण अंगावर मूठभर मांस नाही. ती मात्र दुकानाच्या दारात उभी राहिली की दार दिसेनासं व्हायचं. आठ वर्षांच्या जुन्या गादीवर तिच्या बाजूला असा खड्डा पडला होता की अथुमानी रोज त्यात कोसळायचा. म्हणून त्याने शेंबिलूला सांगितलं होतं, दोघांच्या वजनाला झेपेल अशी गादी करून द्या.

हे काम शेंबिलूच्या हातचा मळ होतं. त्याचा बाप सांगून गेला होता की बाईला वजन विचारायचं नाही, तिच्या गादीला विचारायचं. जुनी गादी अंगणात टाकायची, या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणायची आणि दोरीखाली खड्डा किती बोटं आहे ते मोजायचं. अथुमानीच्या बाजूला तीन बोटं भरली. म्वानाकोंबोच्या बाजूला सात. सात बोटं म्हणजे पंचाण्णव किलो, एखाददुसरा इकडेतिकडे. त्याने गादीच्या पोटात मधोमध कापडाचा पडदा शिवला. तिच्या बाजूला नारळाचा काथ्या ठासून ठासून भरला, त्याच्या बाजूला सावरीचा मऊ कापूस. अशा गादीवर दोघंही सारखीच दबतात आणि मधे उतार राहत नाही.

पहिली तक्रार आली तेव्हा शेंबिलू हसला होता. गादी उलटी टाकली असणार, दुसरं काय? घरी जाऊन बघतो तर नवरा दाराकडे, बायको भिंतीकडे, सगळ्यांच्या घरी असते तशीच रीत. गादी अगदी सुलटी. त्याने ती दुकानात आणून उसवली, काथ्या मोजला, कापूस मोजला. सगळं हिशोबात बसलं. होती तशी पुन्हा शिवली आणि पाठवून दिली.

आणि आता हे.

“तू जा घरी,” तो अथुमानीला म्हणाला. “शुक्रवारी नमाजानंतर येतो.”

खरं तर त्याला भीती वाटत होती. उजव्या हाताची दोन बोटं गेल्या पावसापासून बधिर व्हायला लागली होती. सातऐवजी सहा मोजली असतील का? की पाचच? बोटांनी दगा दिला असेल तर गाद्या भरायच्या कशाच्या भरवशावर? रात्री जेवताना त्याने बायकोला, हिदायाला, सांगून टाकलं. “या खेपेला माझी चूक निघाली तर दाभण खाली ठेवीन. ही शेवटची गादी.”

“आणि मग घरी बसून काय करणार? माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार?” हिदाया म्हणाली. पण तिने त्याची ती दोन बोटं हातात घेतली आणि जेवण होईपर्यंत चोळत बसली.

शुक्रवारी ती त्याच्याबरोबर गेली. नवराबायकोच्या खोलीत परक्या पुरुषाने एकट्याने शिरायचं नसतं.

“शिकामू, म्झे,” म्वानाकोंबोने आदराने नमस्कार केला. ती खाटेशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसली होती, पायाशी पाण्याचा तांब्या. “माझ्यापायी तुमचं नाव बदनाम झालं बघा. गल्लीतल्या बाया म्हणतात, या बाईपुढे शेंबिलूच्या गादीनेसुद्धा हात टेकले.”

“त्यांना म्हणावं, आपापल्या गाद्या पाठवा. मग बोलू,” शेंबिलू म्हणाला. त्याला हसू येत नव्हतं. म्वानाकोंबो तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली आणि तिने तांब्या पुन्हा भरून घेतला.

“अथुमानी, तुझ्याकडे दहा-दहा किलोच्या तांदळाच्या पिशव्या आहेत?”

“दुकान भरलंय, म्झे.”

“नऊ आण. आणि एक पाच किलोची.”

अथुमानीने पिशव्या वाहून आणल्या. शेंबिलूने त्या म्वानाकोंबोच्या बाजूला अंग पसरल्यासारख्या मांडल्या, डोक्याशी कमी, मधे जास्त. मग अथुमानीला त्याच्या जागी आडवं केलं. हिदायाने दोरी ताणली. शेंबिलूने खाली वाकून इकडून पाहिलं, मग तिकडून पाहिलं. गादी दोन्ही बाजूंना सारखी दबली होती. मधे एक बोटही फरक नव्हता.

शेंबिलूच्या जिवात जीव आला. हात शाबूत होते! त्याला तिथल्या तिथे एखादं गाणं म्हणावंसं वाटलं.

“हे काय गौडबंगाल?” हिदाया म्हणाली. “तांदूळ झोपला की गादी सरळ, बाई झोपली की वाकडी? गादीला बाईमाणसाचं वावडं आहे का?”

शेंबिलूचा आनंद तेवढ्यावरच संपला. खरंच की! पंचाण्णव किलो तांदळाला गादी ठीक, पंचाण्णव किलोच्या बाईला नाही. काथ्याला काय कळतं वर कोण आहे? त्याने डोकं खाजवलं. अथुमानी आडवा पडल्या पडल्या एकदा त्याच्याकडे, एकदा पिशव्यांकडे बघत राहिला.

“बी म्वानाकोंबो,” शेंबिलू शेवटी अदबीने म्हणाला, “मी दाराच्या पडद्याबाहेर उभा राहतो. पिशव्या काढून तुम्ही आपल्या जागी झोपा. दोरी हिदाया बघेल.”

“कशाला म्झे, राहू दे ना. आम्हाला सवय होईल.”

“तुम्हाला होईल. मला व्हायची नाही.”

तो बाहेर गेला. आत पिशव्या सरकवल्याचा आवाज झाला, मग खाट करकरली.

“काय दिसतं?” त्याने पडद्यातून विचारलं.

“उतार आहे,” हिदायाचा आवाज आला. “चार बोटं.”

“म्हणजे अथुमानी चार बोटं खाली गेला?”

“तो मघाशी होता तिथेच आहे. ती चार बोटं वर आहे.”

शेंबिलूला काही उमगेना. वर? सगळी गल्ली जिला बघून बाजूला सरकते ती बाई वर? बायकोला दोरी धरता येत नसेल असंही त्याच्या मनात आलं. त्याने म्वानाकोंबोला उठायला सांगितलं, आत येऊन पिशव्या पुन्हा मांडल्या आणि एकेक उचलून जमिनीवर ठेवायला लागला. एक पिशवी काढली. गादी जेमतेम हलली. दुसरी काढली. एक बोट. तिसरी. अडीच बोटं. चौथी पिशवी जमिनीवर ठेवली आणि हिदाया म्हणाली, “हां. बाई असताना होती तेवढीच.”

गादीवर पाच पिशव्या उरल्या होत्या आणि एक छोटी.

तांदळाच्या व्यापाऱ्याला पिशव्या मोजायला वेळ लागत नाही. अथुमानी खाटेवर उठून बसला. “पंचावन्न,” तो म्हणाला. “पंचावन्न तर मी आहे.”

म्वानाकोंबो खुर्चीत बसून तांब्याकडे बघत होती. हिदाया तिच्याजवळ गेली, तिचं मनगट धरलं आणि तिच्या छातीवरून गुंडाळलेल्या खांग्याच्या कापडाचं टोक सोडलं. त्याच्या खाली दुसरा खांगा होता. त्याच्या खाली तिसरा, आणि त्याच्याही खाली कमरेभोवती घडी घातलेली चादर.

“रमजानपासून,” म्वानाकोंबो खालच्या आवाजात म्हणाली. “दुखत काहीच नाही. नुसती तहान लागते आणि अंग उतरतंय. तांदळाच्या व्यापाऱ्याची बायको वाळली तर लोक काय म्हणतील? की याच्या तांदळात काही राम नाही. मी दारात उभी राहते म्हणून तर गिऱ्हाईक येतं.”

“मी रोज तुझ्या शेजारी झोपतो,” अथुमानी म्हणाला. “रोज तुझ्या अंगावर येऊन पडत होतो. मग मला कसं नाही कळलं?”

शेंबिलूला कळलं. अथुमानी घरंगळत होता तो जुन्या खड्ड्यात. आणि शेंबिलूनेही मोजला होता तोच खड्डा, रमजानआधीच्या म्वानाकोंबोने पाडलेला. त्याच्या बोटांनी सात म्हणून सातच मोजली होती. आता खाटेवर दोन सारख्या वजनाची माणसं होती आणि बाजारातली कुठलीही साधी गादी त्यांना चालली असती.

त्याला थोरली बहीण आठवली. तीसुद्धा अशीच पाणी प्यायची. घरचे म्हणायचे, उन्हाळा आहे. सरकारी इस्पितळात नेली तोवर साखरेच्या आजाराने तिला दिसायचं बंद झालं होतं आणि नंतर ती फार दिवस राहिली नाही. शेंबिलूला वाटलं, आपली दहाच्या दहा बोटं बधिर असती तरी चाललं असतं. आपली चूक निघायला हवी होती.

“चला, इस्पितळात,” तो म्हणाला.

“उद्या सकाळी जाऊ म्झे, आज दुकान...”

“उद्या नाही. आत्ता. हिदाया, रिक्षा बोलाव.”

म्वानाकोंबोने सवयीने चादर कमरेला गुंडाळायला घेतली. अथुमानीने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि खाटेवर टाकली. एका खांग्यात ती दारातून बाहेर पडली, तर दोन्ही बाजूंना जागा उरली. गल्लीतल्या बाया बघत राहिल्या.

रिक्षात तिला बसवून अथुमानी मागे वळला. तो म्हणाला, “म्झे, आणि गादी? काथ्या काढून पुन्हा भरणार?”

“तिच्या बाजूला मी हात लावणार नाही,” शेंबिलू म्हणाला. “ती बाजू पंचाण्णव किलोची आहे. तिला भर औषधं, भर अन्न, इस्पितळवाले सांगतील ते सगळं कर. आणि तोवर येऊ दे तिला घरंगळत तुझ्या अंगावर. झेल.”