बासरीच्या वेळी वर जाणारं बोट

"घाई नाही हं. आधी ऊब येऊ दे, मग बोल."

मित्रांनो, मी आयुष्यात ऐकलेला हा पहिला आवाज. तो रेडिओवाल्या मावशींचा. त्यांच्या दुकानातल्या टेबलावर मी नुकताच पुरा होऊन बसलो होतो आणि त्यांनी माझं बटण पहिल्यांदाच दाबलं होतं. माझ्या अंगातल्या दोन काचेच्या ट्यूब आधी अंधाऱ्या होत्या. मग त्यांच्या पोटात तांबूस ठिणगी आली, ठिणगीचा इवलासा दिवा झाला, आणि मी बोललो.

मी एक जुना ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. रेकॉर्डवरून आलेला बारीक आवाज अंगावर घ्यायचा, त्याला बळ द्यायचं आणि हेडफोन लावणाऱ्याच्या कानात नेऊन सोडायचा, एवढंच माझं काम. डावी ट्यूब डाव्या कानाची, उजवी उजव्या कानाची. मावशींनी माझी एकेक तार हाताने जोडली. सोल्डरचा धूर नाकात गेला की त्या शिंकत, आणि शिंकून झालं की माझीच माफी मागत.

मला हौसेने घरी नेलं ते घड्याळजींनी. दिवसभर आपल्या दुकानात लोकांची घड्याळं डाव्या कानाला लावून टिकटिक पारखायची आणि संध्याकाळी तेच कान घेऊन माझ्यापाशी येऊन बसायचं, असा त्यांचा नेम. त्यांच्या बायकोला मात्र मी पहिल्या दिवसापासून शेगडीच वाटलो. कपड्यांच्या घड्या घालता घालता त्या गुणगुणत,

"अशी कशी शेगडी, हिच्यावर चहा होईना,
गाते एकाच्या कानी, दुसऱ्याला ऐकू येईना."

खोटं कशाला सांगू, गाणं मला आवडे. शिवाय त्यात तथ्यही होतं.

वर्षं गेली. घड्याळजींचे आजोबा झाले आणि माझ्या सोबतीला एक नात आली. एका जुन्या रेकॉर्डमध्ये मधेच एक बासरी येते, तीही फक्त डाव्या बाजूने. ती आली की आजोबा तर्जनी वर करत. हेडफोन त्यांच्या कानात, त्यामुळे नातीला काहीच ऐकू येत नसे, पण बोट दिसलं रे दिसलं की ती गाल फुगवून हवेतली बासरी वाजवू लागे. रोज संध्याकाळी हा खेळ. मी बासरी धाडायची, त्यांनी बोट वर करायचं आणि हिने वाजवायची. तिघांच्या मेहनतीची बासरी होती ती.

मग एका रविवारी सकाळी आजोबांची मुलगी आली. तिच्या हातात साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी होती.

"बाबा, हा नवा अ‍ॅम्प्लिफायर. खिशात मावतो, तापत नाही, बटण दाबलं की सुरू. तुमचा तो धोंडा उचलायला दोन माणसं लागतात."

"उचलायचा कशाला? मी काय त्याला फिरायला नेतो?"

"तापतो मात्र खरा," आजी म्हणाल्या. "उन्हाळ्यात त्या खोलीतल्या पंख्यालाही घाम फुटतो. पण थंडीत मांजर त्याच्याजवळून हलत नाही, तेवढं त्याच्या बाजूने धरा."

"आई, तू नक्की कोणाकडून आहेस?"

"मी मांजराकडून."

"ट्यूब गेल्या तर नव्या कुठे मिळणार, बाबा? आणि आवाजात असा काय मोठा फरक असतो?"

आजोबांनी थोडा विचार केला. "त्या डबीतून गाणं धुऊन, इस्त्री करून येतं. याच्यातून येतं ते कोणीतरी अंगावरची शाल काढून द्यावी तसं."

"मग ऐकूनच ठरवू," नात म्हणाली. "ज्याची बासरी गोड, तो घरात राहील."

पहिली पाळी माझी होती. रेकॉर्ड फिरू लागली. आजोबांनी हेडफोन लावले आणि आवाजाचं बटण बरंच पुढे नेलं. गेल्या हिवाळ्यापासून ते रोज थोडं थोडं पुढे जात होतं. मला त्याचं कारण ठाऊक होतं. त्यांचं बोटही हल्ली अंदाजाने वर जाई. त्या दिवशी इतके जण तोंडाकडे बघत बसले होते, की त्यांचा अंदाज चुकला.

मी बासरी धाडली. डाव्या ट्यूबने जीव ओतून धाडली. नात गाल फुगवून तयार होती. बोट वर गेलं नाही. गाणं संपलं आणि तिच्या गालांतली हवा हळूच निघून गेली.

"आजोबा, बासरी आलीच नाही?"

"नाही आली," आजोबा म्हणाले.

"झालं. डावी बाजू गेली त्याची," मुलगी म्हणाली. "द्या, मी ऐकते."

आजोबांनी झटकन माझी पिन काढली. "नको. चालू ठेवला तर आणखी बिघडेल."

मित्रांनो, मी ठणठणीत होतो. पण मला तोंड असलं तरी ते दुसऱ्याचं गाणं म्हणायला आहे, स्वतःची बाजू मांडायला नाही.

दुपारी मला चादरीत गुंडाळून सगळे मावशींकडे निघाले. आजी वाटेत दोनदा म्हणाल्या, "सावकाश हं, आपटू नका शेगडीला." दुकानात मुलीने सांगून टाकलं, "डावी ट्यूब गेलीय. दुरुस्त होत नसेल तर इथेच ठेवून घ्या. सुट्या भागांना तरी उपयोगी पडेल."

आजोबा माझ्या झाकणावरची धूळ पुसत राहिले. तिथे धूळ नव्हती.

मावशींचे केस आता पांढरे झाले होते, आवाज मात्र तोच. त्यांनी पिन लावली, बटण दाबलं आणि मुलीने हेडफोनकडे हात नेताच तिला थांबवलं. "घाई नाही हं. आधी ऊब येऊ दे."

मग सगळे माझ्या अंधाऱ्या ट्यूबकडे बघत उभे राहिले. ही वाट बघणं हा माझा सगळ्यात मोठा दोष, असं त्या काळ्या डबीवाल्या मुलीचं म्हणणं. असेलही. मी जड आहे, तापतो, उशिरा बोलतो. पण मित्रांनो, तुमच्या घरात असं कोणी उशिरा बोलणारं असेल, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याला मोडीत काढण्याआधी थोडी ऊब येऊ द्या. आता माझ्या पाठीवर एक छोटं बटण आहे. ते दाबलं की माझ्या दोन्ही बाजू एक होऊन उजव्या कानात जातात, आणि आजोबांचं बोट पुन्हा अगदी वेळेवर वर जातं. ते बटण मावशींनी त्याच दुपारी बसवलं, शिंकत शिंकत. पण ते बसवायचं कारण आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

माझ्या ट्यूबमध्ये ठिणगी आली. ठिणगीचा दिवा झाला. आजोबांनी माझ्या झाकणावर हात ठेवला.

"त्याची ट्यूब गेलेली नाही," ते म्हणाले. "माझा डावा कान गेलाय. सांगितलं तर घड्याळांचं दुकान बंद करायला लावाल, म्हणून बोललो नाही."