परक्यांच्या बेसण्यात

शेठच्या आईचं बेसणं होतं. सुरतेत पांडेसऱ्याला त्यांच्याच डाइंग मिलमधला सुपरवायझर गजेंद्र पांढरा शर्ट घालून हॉलवर पोचला. अशा शोकसभेत करायचं काय असतं, फोटोला फूल वाहायचं, घरच्यांना हात जोडायचे, घटकाभर बसून निघायचं. त्यानं फूल वाहिलं, वळला आणि तिथंच थबकला.

खुर्च्यांच्या रांगेत त्याचे वडील बसले होते.

सुकदेवनाना. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. शेजारी शेठचे म्हातारे वडील, आणि त्यांचा हात नानांच्या हातात. दोघांचेही डोळे ओले.

नाना रोज संध्याकाळी उधन्याच्या बागेत जातात, एवढंच गजेंद्रला ठाऊक होतं. शेठशी त्यांची ओळख असायचं कारणच नव्हतं.

“हे काका कोण?” त्यानं पाणी देणाऱ्या माणसाला विचारलं.

“माहीत नाही. पण इथल्या दरेक बेसण्याला येतात. बिचाऱ्यांची बायको गेल्या महिन्यातच गेली ना.”

गजेंद्रच्या आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. आपले वडील परक्यांच्या दुःखात जाऊन बसतात, खोटं बोलतात, आणि आपल्याला पत्ता नाही. शेठनं विचारलं तर काय सांगायचं, हा विचार आधी आला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

सभा उठल्यावर त्यानं नानांना बाहेर गाठलं. त्याला बघून नानांचा चेहरा पांढराफटक पडला.

“नाना, हे काय चालवलंय?”

नाना चपला शोधत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “तुनी माय गयी तवय आठे कोणीच बसाले उनं नही, गजू.”

खरं होतं, आई गेली तेव्हा इथं कोणीच बसायला आलं नव्हतं. दहावा-तेरावा गावी, अमळनेराकडे उरकला. सुरतेला परतल्या दिवशीच गजेंद्र पाळीवर गेला होता, त्याची बायको धनश्री मुलांच्या शाळेत.

“इथं कोणी विचारत नाही तुम्ही कोणाचे,” नाना म्हणाले. “जवळ बसवून घेतात. बायकोचं सांगितलं की ऐकतात. तीन वर्षं झाली म्हटलं, तर कोण ऐकणार?”

गजेंद्रला रागवायचं होतं. पण त्यानं नानांना गाडीवर बसवलं.

घरी त्यानं धनश्रीला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. “आणि मी रोज विचारायची, बागेत गर्दी होती का,” ती म्हणाली, आणि खाली बसली.

रविवारी गजेंद्रनं आईचा फोटो बाहेरच्या खोलीत मांडला. गल्लीतले राघोआबा, वरच्या मजल्यावरच्या सुमनताई, गावाकडचे दोन-चार जण, सगळ्यांना स्वतः जाऊन बोलावलं. आता कसली बैठक, असं कुणी तोंडावर विचारलं नाही. नाना आधी अवघडून बसले. मग राघोआबांनी विचारलं, “वहिनी कशानं गेल्या हो?” आणि नाना बोलू लागले.

गजेंद्र दाराशी उभा होता. आईला शेवटी दोन दिवस नीट दिसत नव्हतं, ती नानांना हाताच्या स्पर्शावरून ओळखत होती, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तो आत जाऊन नानांच्या शेजारी बसला.