शून्यातून न जाणारी रेघ

खुशाल सरांनी परीक्षेआधीच बजावलं होतं. "तुमचे बिंदू कुठंही येऊ द्या, रेघ शून्यातूनच गेली पाहिजे. नाही गेली तर प्रॅक्टिकलचे मार्क विसरा."

माझी रेघ जात नव्हती.

बारावीचं फिजिक्स आम्हाला कोणी शिकवलं, असं विचाराल तर कोणीच नाही. दिवाळीपर्यंत फिजिक्सच्या सरांची जागाच रिकामी होती. मग खुशाल सर आले, तेही तासिकेवर. गणित तेच, केमिस्ट्री तेच, शाळेच्या पोरांच्या खिचडीवर नजरही त्यांचीच. थिअरीत माझं काही खरं नव्हतं. गोंदियाला बी.एस्सी.ला जायचं तर प्रॅक्टिकलचे तीसपैकी तीस लागणार होते, आणि ते तीस एका रेघेवर अडकले होते.

प्रयोग म्हटला तर साधा. खिडकीच्या गजाला स्प्रिंग टांगायची, खाली वजन अडकवायचं, ओढून सोडायचं आणि हेलकाव्यांचा वेळ मोजायचा. वजन वाढलं की हेलकावा लांबतो. वेळेचा वर्ग करून वजनाशी त्याचा आलेख काढला की सरळ रेघ येते आणि पुस्तकात ती शून्यातून निघते. वजन नाही तर हेलकावा नाही, असा तिचा अर्थ. पण लॅबची बारीक स्प्रिंग गंजून तुटली होती. सरांनी भंगारातून राइस मिलच्या मशीनची आणून टांगली. लांबलचक, ढिली आणि चांगली वजनदार. तिच्यावर सगळ्यांचीच रेघ शून्याच्या वरून जायला लागली. सगळ्यांनी खोडलं. बिंदू सरकवले, रेघ शून्यात नेऊन घातली. मी नाही खोडलं.

परीक्षेच्या दिवशी मी टेबलाशी आलेख पुढ्यात घेऊन बसले होते. शेजारी गुलशन. तो चिचगडचा, होस्टेलात राहतो. आमची दोघांची जोडी, म्हणून रीडिंगही एकच.

"रबर घे ना वं," तो कुजबुजला.

"मोजणं चुकलं का आपलं?"

"नाही. घड्याळ त मीच धरलं होतं."

"मंग कायले खोडू?"

"तुले मार्क पायजेत का झगडा पायजे?"

"दोन्ही."

"मंग मले तुह्या बाजूले बसवू नका म्हण सरायले," असं म्हणून त्यानं आपली रेघ आणखी गडद केली.

मी उठून पुन्हा स्प्रिंगजवळ गेले. चूक कुठंतरी असेलच, असं आतून कुरतडत होतं. सगळं पहिल्यापासून करावं म्हणून वजनं काढली, ती अडकवायचा हँगरही काढला. हात सुटला आणि रिकामी स्प्रिंग वर उसळली. खाली आली. परत वर. खाली काहीच नव्हतं आणि ती हलतच होती.

मी बघत राहिले. मग मुद्दाम ओढून सोडली. परत तेच.

तेवढ्यात बाहेरचे परीक्षक माझ्या टेबलाशी आले. मागे खुशाल सर, हातात समोशाची प्लेट. परीक्षकांनी माझा कागद उचलला.

"ही रेघ शून्यातून का नाही?"

"मी सांगितलं होतं हिला," खुशाल सर म्हणाले. "ऐकतच नाही. हेकट आहे."

"इकडं या सर," मी म्हटलं. "वजन शून्य हाय ना? हे पाहा." मी स्प्रिंग ओढून सोडली. "मंग हे काऊन हलून राहिली?"

परीक्षक स्प्रिंगजवळ आले.

"स्प्रिंगले सोताचं वजन हाय. ते कोणी धरलंच नाही. ते बी लटकून राहिलं, ते बी हलून राहिलं. रेघ शून्यातून जाईलच कशी?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. खुशाल सर प्लेटकडे बघत म्हणाले, "रचना, खाली बस."

परीक्षकांनी पेन काढलं. वर्गभर नजर फिरवली. सगळ्यांचे कागद समोर, सगळ्यांच्या रेघा शून्यात गेलेल्या. माझ्या कागदावर त्यांनी तीस लिहिले आणि वाकून हळूच म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

मग पुढच्या टेबलावर गेले. गुलशनचा कागद पाहिला. तीस. त्याच्या पुढच्यालाही तीस.

मला बसवेना. "सर, मोठ्यानं सांगा ना."

"काय?"

"माह्यं बरोबर हाय असं. मले तीस आणि यायलेबी तीस, मंग खोटी रेघ कोणाची?"

"मार्क मिळाले ना तुला? झालं मग. मला अजून दोन कॉलेजं करायची आहेत." त्यांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. खुशाल सर त्यांच्यासाठी चहा सांगायला बाहेर गेले. निघून गेले म्हणा.

गुलशननं माझी ओढणी खेचली. "बस ना आता. तुले बी तीस, मले बी तीस. अजून का पायजे?"

काय पाहिजे ते मला नीट सांगता येत नव्हतं. पण गप्प बसून ते मिळणार नाही, एवढं कळत होतं. मी वर्गाकडे तोंड केलं आणि परीक्षकांच्या समोरच म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी खोडलं. खोडायच्या आधी तुमचं बरोबर होतं."

कोणी मान वर केली नाही. परीक्षक गठ्ठा बांधत राहिले. गुलशन मात्र उठला, कपाळाला आठ्या घालून खिडकीपाशी गेला, रिकामी स्प्रिंग ओढून सोडली आणि घड्याळ लावलं.