बापूजींचा धुराचा कॅन

मी एक जुना नायट्रोजनचा कॅन आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यामागे, गळक्या पत्र्याखाली, मोडक्या खुर्चीशेजारी पडून आहे. मित्रांनो, तुम्ही मला बहुधा दुधाचा कॅन समजाल. पुष्कळांनी समजले, मी कधी मनाला लावून घेतले नाही. पण मी साधासुधा कॅन नव्हे हो! कारखान्यात मला दोन भिंतींचा बनवले. मध्ये पोकळी, तिथे हवासुद्धा नाही. माझ्या पोटात पातळ नायट्रोजन असे, बर्फालाही हुडहुडी भरेल इतका थंड. झाकण उघडले की पांढरा धूर निघे.

दवाखान्यातले परिचर बापूजी मला जिवापाड जपत. रोज सकाळी माझ्या पोटात लाकडी पट्टी बुडवत, तिच्यावर किती बोटे पांढरे हिम चढले, म्हणजे नायट्रोजन किती उरला, ते पाहत आणि वहीत लिहीत. पाहुणा आला की म्हणत, "चहा मंग पेजा, आधी आमचा धूर पाहा." मग झाकण निघे आणि पाहुणा तोंडात बोट घाली. मीही फुगून जाई. कौतुक कुणाला नको असते?

एका पावसाळ्यात अर्पिता मॅडम आल्या. त्या जनावरांच्या डॉक्टर, आणि गोचिडाच्या तापावर नवी लस शोधत होत्या. त्या दिवशी ओसरीवर गंगी बसली होती. जवळच्या तांड्यावरची ही बाई. तिची संकरित गाय ह्याच तापाने गेली होती, आठ दिवसांची कालवड मागे ठेवून. त्या पोरक्या कालवडीला गंगीने बाटलीने दूध पाजून वाढवले, मैना नाव ठेवले. तोच ताप मैनाला येऊ नये म्हणून रोज संध्याकाळी ती एकेक गोचीड बोटांनी वेचून काढी.

"मॅडम, गावठी जनावर तं ह्या तापानं मरत नाही. माहीच गाय काहून मेली?" तिने विचारले.

"गावठी वासराचं अंग लहानपणीच ह्या जंतूशी झुंजायला शिकतं, मावशी. संकरित गाईला ते जमत नाही. आणि जंतूही लबाड. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाच्या राखणदार. हा त्यांच्यातच शिरतो आणि तिथंच वाढतो."

"म्हंजे कुंपनच शेत खाते!" गंगी म्हणाली.

मॅडम हसल्या. "अगदी तसंच. मी तोच जंतू चार वर्षं बाटल्यांत वाढवून वाढवून दमवलाय. त्याच्यात आता मारायची ताकद नाही. पण सुई देईपर्यंत तो जिवंत पाहिजे. मेलेल्यापासून गाय काहीच शिकणार नाही."

त्या चार वर्षांच्या मेहनतीच्या साठ कुप्या त्यांनी माझ्या पोटात ठेवल्या. "बापूजी, ह्यांना एकदाही ऊब लागू देऊ नका. लागली तर कुपी दिसेल अशीच, पण आतला जीव गेलेला असेल."

"फिकरच नका करू जी," बापूजी म्हणाले. मला तर आभाळ ठेंगणे झाले. आजवर मी पुष्कळ काही सांभाळले, पण एवढी मोठी आशा पहिल्यांदाच सांभाळत होतो.

आणि मग तान्हा पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे खाऊ नाहीतर नाणे. बापूजींचा बोजारा मात्र धुराचा. मला थोडेसे वाकवून ते फरशीवर नायट्रोजन ओतत. टपोरे थेंब सैरावैरा पळत आणि ढगासारखा धूर उठे. "पाय मांगं घ्या रे पोट्टेहो!" बापूजी ओरडत, आणि मुले आनंदाने किंचाळत. दरवर्षीचा हा रिवाज. पण त्या दिवशी एक टोळी गेली की दुसरी येई. नायट्रोजनची गाडी आठवडाभर आली नव्हती. माझी पोकळीही म्हातारपणाने अधू झाली होती, नायट्रोजन लवकर उडून जाई. मला ओरडून सांगावेसे वाटले, बापूजी, पुरे! पण कॅनला कुठे तोंड असते? तोंड आहे, ते फक्त धुरासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी कोरडी निघाली. बापूजींचा चेहरा उतरला. त्यांनी एक कुपी वर काढून बोटांनी चाचपली. "गारच हाय ना," ते स्वतःशीच पुटपुटले. दुपारी गाडी आली, मी काठोकाठ भरलो. वहीत बापूजींनी कालचाच आकडा पुन्हा लिहिला. पण मला ठाऊक होते. माझ्या पोटात साठही जीव विझले होते.

चार दिवसांनी तांड्यावर लस टोचण्याचे शिबिर झाले. लोक जनावरे घेऊन मागे मागे उभे राहिले. गंगी पुढे झाली. "आधी माह्या मैनीले द्या," ती म्हणाली. तिचे पाहून सगळे आले. मॅडमना किती आनंद झाला म्हणून सांगू! आणि मी तिथेच, झाडाखाली, मेलेल्या कुप्या एकेक करून त्यांच्या हाती देत होतो.

तीन आठवड्यांनी मैनाला दवाखान्यात आणले. कानाखाली गाठी सुजलेल्या, डोळ्यांतून पाणी, अंग तव्यासारखे तापलेले. मॅडमनी औषध टोचले, सलाईन लावले, दोन दिवस हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मैनाने लिंबाखाली मान टाकली.

गंगी रडली नाही. मैनाच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "मी गोचीड वेचनं सोडून देलं व्हतं, मॅडम. सुई लागली म्हनून सोडून देलं."

मॅडमनी पुढे बाकीच्या जनावरांचे रक्त तपासले. एकाच्याही अंगाने जंतूची ओळख धरलेली नव्हती. मॅडमनी बापूजींना विचारले, "खरं सांगा, नायट्रोजन कधी कमी पडला होता का?"

बापूजींनी माझ्याकडे पाहिले. ओठ हलले. मला वाटले, आता बोलतील, आता बोलतील.

"नाही जी. भरूनच व्हता," ते म्हणाले. आणि वही पुढे केली.

संपले. लस निकामी, असा अहवाल गेला. मॅडमनी स्वतःच्याच कामावरचा विश्वास गमावला. प्रयोगशाळेतल्या बाटल्या फेकल्या, काम बंद पडले, त्या दुसरीकडे गेल्या. तांड्यावर आता कुणी जनावराला सुई टोचू देत नाही. ह्या पावसाळ्यात तिथली आणखी सात जनावरे गेली. लस चांगली होती का? मित्रांनो, तेही आता कधीच कळणार नाही.

मी पुरता निकामी झालो आणि इथे आलो. परवा तान्ह्या पोळ्याला मुले आली. "बापूजी, धूर दाखवा नं!"

बापूजींनी त्यांना चॉकलेटे वाटली. "धूर मेला रे पोट्टेहो," म्हणाले, आणि इकडे शेडमध्ये येऊन माझ्याजवळ बसले. माझ्या झाकणावरची धूळ हाताने पुसली. त्यांचा मला राग येत नाही. त्यांनी मला खरोखर जपले होते.

मित्रांनो, तुमच्या हाती कुणी काही जपायला दिले तर जिवापाड जपा. आणि चुकून हातून गेलेच, तर निदान सांगा. बापूजींनी त्या सकाळी तोंड उघडले असते, तर शिबिर पुढे ढकलले गेले असते, नव्या कुप्या आल्या असत्या, आणि तोवर गंगी रोज संध्याकाळी मैनाच्या अंगावरचे गोचीड वेचत राहिली असती.