कैदाशिणीची सोबत

सासूबाईंच्या कोंबड्यांना मानमोडी लागली. एकामागून एक सगळ्या गेल्या आणि उरली ती नेमकी कैदाशीण.

हे नाव सासूबाईंनीच ठेवलेलं. बाकीच्यांना दाण्यावरून हुसकायचं, जो दिसेल त्याच्या पोटरीला चोच मारायची, हा तिचा आयुष्यभराचा उद्योग. सुनेला राहून राहून वाटायचं, जगायचंच होतं कुणी, तर ती गरीब पांढरी तरी जगायची! पण नाही. ही बया मरणालासुद्धा नकोशी झाली असावी.

सासूबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे होत्या. निघताना सुनेचा हात धरून म्हणाल्या होत्या, "माझ्या पोरींकडे बघ गं." आता पोरी गेल्याचं त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? जरा चालायला लागू देत, मग सांगू, असं म्हणत सून रोज फोनवर वेळ मारून नेत होती.

इकडे कैदाशिणीनं उच्छाद मांडला होता. अंगणाच्या मध्यभागी उभी राहून ती उजाडल्यापासून बोंबलायची. दाणे टाकले तर नुसतं बघायची. रिकाम्या खुराड्याच्या दाराशी जायची, आत डोकावायची आणि पुन्हा बोंब ठोकायची.

सुनेनं गुरांच्या डॉक्टरला बोलावलं.

"हिला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाला. "एकटी पडलीय. कोंबडीला सोबत लागते."

"मग दोन नव्या आणते."

"एवढ्यात नको. त्याही मरतील. खुराडं धुऊन घ्या, चुना मारा, चांगलं ऊन खाऊ द्या. मी सांगेन तेव्हा आणा."

"आणि तोवर सोबत कोण करणार?"

डॉक्टरनं बॅग बंद केली. "घरात दिवसभर कोण असतं?"

दिवसभर घरात सूनच असायची. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालायचं. इस्पितळाच्या नर्सेसचे गणवेश, तेही पांढरेशुभ्र! त्या खोलीत आता कोंबडी आली. मशीन सुरू झालं की ती गप्प बसायची, थांबलं की ओरडायची. म्हणजे काज करायला घ्यावं, बटण लावावं, तर हिचा आरडाओरडा. सून हातानं बटण लावायची आणि पायानं रिकामंच मशीन चालवायची. खडू कोंबडीनं टोचून खाल्ला. कापलेल्या बाह्यांवर बसून तिनं जे करायचं ते केलं. सून धुवून धुवून मेटाकुटीला आली.

"मेलीस का नाहीस गं तू?" ती रोज विचारायची. कैदाशीण मान वाकडी करून एका डोळ्यानं बघायची आणि पावलावर चोच मारायची.

एक दिवस मेट्रनबाई गणवेश न्यायला आल्या. त्यांनी एक उचलून बघितला, खिशात बोटं घातली आणि तांबूस पीस बाहेर काढलं.

"हे आम्ही सांगितलं होतं का?"

सुनेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. संध्याकाळी तिनं सगळा राग नवऱ्यावर काढला. तो दमून आला होता. म्हणाला, "एवढा ताप होतोय तर कापून टाक ना!"

"कापून टाक?" सून ताडकन उठली. "तुझ्या आईनं वाढवलेली आहे ती! तोंडाला काही हाड?"

"अगं, तूच सकाळी म्हणत होतीस..."

"मी म्हणेन! दिवसभर मी काढते तिचं!"

नवऱ्यानं हात जोडले आणि तो आंघोळीला निघून गेला.

दोन दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. "आज मला पोरींचा आवाज ऐकव. फार आठवण येतेय."

सुनेनं फोन कैदाशिणीपुढे धरला आणि मशीनवरचा पाय काढला. कोंबडी जीव तोडून ओरडली. सुनेनं फोन कानाला लावला.

"ही एकटीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "बाकीच्या?"

"अहो, त्या जरा तिकडे मागे..."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही गं. बाकीच्या कुठायत?"

सुनेनं सांगितलं. सगळं सांगितलं. पांढरी शेवटी कशी मान टाकत होती, खाली ठेवली की लोळण घ्यायची, म्हणून ती जाईपर्यंत स्वतः तिला कशी मांडीवर धरून बसली होती, तेही. आजवर हे ती कुणालाच बोलली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

"तू मांडीवर घेतलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय करणार? तुमचीच ना ती."

सासूबाई नाक ओढत म्हणाल्या, "आणि मला एवढे दिवस सगळं छान छान सांगत होतीस. लबाड."

त्या घरी आल्या तोवर डॉक्टरनं परवानगी दिली होती. तीन तरण्या कोंबड्या आल्या. कैदाशिणीनं पहिल्याच दिवशी तिघींना कुंपणापर्यंत पिटाळलं. सासूबाई वॉकरला धरून हाका मारत होत्या, सून झाडू घेऊन मधे पडत होती, आणि दोघी एकमेकींनाच ओरडत होत्या. हा तमाशा आठवडाभर चालला. मग एका संध्याकाळी चौघी खुराड्यात एकाच दांडीवर बसलेल्या दिसल्या. कैदाशीण मधोमध, अंग फुगवून.

दुसऱ्या दिवशी सुनेनं पुढची खोली घासून पुसून लख्ख केली. दार उघडंच होतं, पण कुणी आत आलं नाही. जेवायच्या आधीच तिच्या सगळ्या कॉलरी लावून झाल्या.

"सुटले बाई एकदाची!" तिनं नवऱ्याला सांगितलं.

"मग तोंड का असं?"

"कसं?"

"काही नाही."

"जेव गपचूप," सून म्हणाली.