पाखरांची मशीन घरी आली

मित्रांनो, मी एक जुनी खेळाची मशीन आहे. कपाटाएवढी उंच, अंगाने दणकट आणि आता थोडी घोगऱ्या आवाजाची. माझ्या छातीवर दोन मोठी गोल बटणं आहेत, एक लाल आणि एक पिवळं. नाणं टाकून खाचेत कार्ड सरकवलं, की त्या कार्डावरचं पाखरू पडद्यावर येऊन उडू लागतं. लाल बटणाने ते पंख हलवतं, पिवळ्याने पाण्यात सूर मारतं. खेळ संपला की माझ्या पोटातून एक नवं कार्ड बाहेर पडायचं. मुलं मला ‘पाखरांची मशीन’ म्हणत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब टेबलांशी बसलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या, स्क्रू आवळले. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझी बटणं दाबून पाहिली, समाधानाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “जा गं बाई, आता मुलांना खेळव.” तेवढा एकच आशीर्वाद घेऊन मी जगात आले.

मला ठेवलं ते पोहण्याच्या तलावाशेजारच्या खेळघरात. पोहून झालं की मुलं ओल्या केसांनी धावत यायची. त्यांची बोटं पाण्याने सुरकुतलेली असायची आणि अंगाला तलावातल्या औषधाचा वास यायचा. माझ्यापुढे पाण्याची थारोळी साचायची आणि फरशी पुसणारे काका ओरडायचे, “अरे, आधी अंग पुसा, मग पाखरं उडवा!” कोण ऐकतंय! कार्ड खाचेत घालण्याआधी त्यावर फुंकर मारली की खंड्या जास्त मासे पकडतो, असं मुलांनी आपसात ठरवून टाकलं होतं. ते काही खरं नव्हतं. पण ती इतक्या विश्वासाने फुंकर मारत, की मीही जोर लावत असे.

पण कौतुक कुणाचं कायमचं टिकतं? नव्या, झगमगत्या मशिनी आल्या. माझी कार्डं छापायची बंद झाली. पोटात उरली होती तेवढीच राहिली. मला आधी कोपऱ्यात सरकवलं, मग जिन्याखाली ठेवलं आणि शेवटी टेम्पोत घालून एका गोदामात नेलं. तिथे माझ्यासारख्याच सात मशिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. माझंही तोंड भिंतीकडे झालं. उंदरांनी माझी एक तार कुरतडली. माझा पडदा काढून दुसऱ्या मशीनला लावायचा आणि उरलेलं अंग भंगारात द्यायचं, असं गोदामवाल्याने ठरवलं होतं. माझ्या अंगावर त्याने खडूने फुलीदेखील मारली होती.

त्याच आठवड्यात ती आली. अंगात शाळेच्या बसच्या ड्रायव्हरचा गणवेश, हातात किल्ल्यांचा जुडगा. तिने माझं धुळीने भरलेलं तोंड वळवून घेतलं आणि म्हणाली, “हीच! मला ही मशीन घरी न्यायचीय.”

गोदामवाला हसला. “घरी? बाई, ही काय शिलाईची मशीन आहे का? हिला खोली लागते खोली! आणि आम्ही सुटी मशीन विकत नाही. खेळघरवाले येतात, लॉटने घेऊन जातात.”

“चालू तर करून दाखवा.”

“हिचा पडदा मी एकाला कबूल केलाय.”

“चालू करायला काय जातंय?”

त्याने कुरकुरत तार जोडली. मी डोळे उघडले. बाईने पर्समधून एक कार्ड काढलं. कोपरे मऊ पडलेले, रंग विटलेला, पण त्यावरचा निळा खंड्या ओळखू येत होता. नाणं टाकून ते तिने खाचेत सरकवलं. खाचेत इतकी धूळ होती, की मला ते वाचताच येईना. तिने कार्ड काढलं, बाहीला पुसलं आणि फुंकर मारून पुन्हा सरकवलं. मी सारं बळ एकवटलं आणि खंड्या भुर्रकन उडाला!

बाईने बटण दाबलंच नाही. ती तोंडावर हात ठेवून नुसती बघत राहिली.

“हे माझ्या ताईचं कार्ड आहे,” ती म्हणाली. “लहानपणी आम्ही दोघी हा खेळ खेळायचो. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, नवरीचे कपडे शिवून शिवून. आता तिला पक्षाघाताचा झटका आलाय. उजवा हात उचलवत नाही, तोंडातून धड शब्द फुटत नाही. व्यायामाला चेंडू दिला तर फेकून देते. मला वाटलं, निदान हे बटण तरी दाबेल.”

मित्रांनो, या दोघी माझ्याशीच खेळल्या होत्या की माझ्यासारख्या दुसऱ्या मशीनशी, हे मला सांगता येणार नाही. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, मीच असेन.

गोदामवाल्याने डोकं खाजवलं. “पण पडद्याचा शब्द दिलाय हो मी.”

“मग दुसऱ्या मशीनचा पडदा द्या. त्या सात जणी नुसत्या उभ्याच आहेत की.”

“तुम्ही काही मागे हटत नाही बुवा!”

“बस चालवते मी. रिव्हर्स चांगला येतो मला. पण आज घ्यायचा नाहीये.”

गोदामवाल्याला हसू आवरेना. त्याने ओल्या फडक्याने माझ्यावरची फुली पुसून टाकली. माझी कुरतडलेली तारही त्यानेच बदलून दिली.

घरी पोचलो आणि दारातच अडलो. बाईचा नवरा टेप घेऊन उभा होता. त्याने आधी दार मोजलं, मग मला मोजलं, मग पुन्हा दार मोजलं. “दार लहान आणि पाहुणी महान,” तो म्हणाला. “आता भिंत पाडू का?” शेवटी दारच बिजागऱ्यांतून काढलं. तरी मी जाईना. मग माझ्या डोक्यावरची पाटी आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या काढल्या. माझ्या आतल्या तारा, धूळ, सगळं उघडं पडलं. मला फार लाज वाटली. पण शेजारी धावून आले, सगळ्यांनी ‘हळू, हळू’ करत मला उचललं आणि ताईच्या खोलीत नेऊन पुन्हा नीट जोडलं.

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर पडलेला. धाकटी बहीण लहान मुलीसारखी नाचत म्हणाली, “ताई, ओळख बघू ही कोण!”

ताईने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिचा चेहरा कसनुसा झाला. “परत ने,” ती म्हणाली. “मी... बाळ... नाही.” आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

शेजारी एकेक करून निघून गेले.

त्यानंतर मी तिथे नुसतीच उभी राहिले. आधी माझ्यावर एक टॉवेल आला, मग वाळलेले कपडे, मग इस्त्रीचे कपडे. मी कपडे टांगायची खुंटी झाले. नवरा म्हणाला, “उगाच जागा अडतेय. परत देऊन टाकू या का?” धाकटी हळूच म्हणाली, “चूक माझीच झाली. मी तिला विचारलंच नाही. तिचा हात बरा करायच्या नादात तिचं मन बघायचं राहूनच गेलं.” पण तिने मला परत पाठवलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग शाळांना सुट्टी लागली आणि बस थांबली. एका दुपारी धाकटी खोलीत आली. तिने माझ्यावरचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि मला चालू केलं. “ताई, तू नको खेळूस,” ती म्हणाली. “मला खेळायचंय. कंटाळा आलाय मला.”

खरंच, ती दमलेली दिसत होती. तिने नाणं टाकलं, ताईचं कार्ड सरकवलं आणि ती खेळायला लागली. आणि देवा, काय तो खेळ! खंड्या माशावर झेप घ्यायचा, ही बटण दाबायला उशीर करायची आणि पाखरू डुबुक्‌ करून पाण्यात पडायचं. मी मुद्दाम हरवत नव्हते हो. तिला येतच नव्हतं. हरली की ती माझ्या पोटातलं नाणं काढून पुन्हा टाकायची. पुन्हा डुबुक्‌. पुन्हा डुबुक्‌.

खिडकीजवळची खुर्ची करकरली. ताईचं तोंड अर्धं वळलं. मग पूर्ण वळलं. आणखी एकदा खंड्या बुडाला आणि ताईचा धीर सुटला.

“अगं, खाली... खाली येताच दाब! गाढवे!”

धाकटीचे हात बटणांवरच थिजले. झटका आल्यापासून ताईच्या तोंडून एवढं लांब वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. धाकटीचे डोळे भरून आले होते, पण तिने मागे वळून पाहिलं नाही. ती फक्त म्हणाली, “एवढं येतंय तर तूच दाखव ना!”

ताई उठली. पलंगाची कड धरून, एक पाय ओढत माझ्यापर्यंत आली. तिने धाकटीला खांद्याने बाजूला सारलं. मग डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलला आणि माझ्या पिवळ्या बटणावर ठेवला.

मित्रांनो, माझ्या बटणांनी किती मुलांचे दणके खाल्ले असतील! पण त्या हाताचं वजन मला आजही जाणवतं. ओल्या फडक्यासारखा तो गार, निश्चल हात. त्याच्याखाली बटण हलेना. खंड्या खाली आला. ताईचे ओठ घट्ट मिटले, कपाळावर घाम आला. बोटं किंचित थरथरली आणि बटण दबलं! पण उशीर झाला होता. डुबुक्‌!

“तूसुद्धा गाढवच,” धाकटी म्हणाली.

ताई हसली. तिचं हसू एका बाजूला कलतं होतं, पण ते हसूच होतं. मग दोघी एकमेकींना धरून इतक्या हसल्या, की नवरा हातातलं काम टाकून धावत आला आणि काय झालं ते न कळताच तोही हसू लागला.

त्या दिवसापासून त्या रोज खेळतात. लाल बटण धाकटीचं, पिवळं ताईचं. ताईचा हात पूर्ण बरा झाला असं मी सांगणार नाही. नवरीचे कपडे आता तिच्याकडून शिवून होत नाहीत. ते दुःख कधी कधी तिच्या डोळ्यांत दिसतं आणि मग त्या दिवशी ती मला हातही लावत नाही. पण ती स्वतःचे केस विंचरते, चहाचा कप धरते आणि धाकटीला भरपूर रागावते. बहुतेक नवे शब्द तिला रागावतानाच सापडले.

माझ्या पोटातली कार्डं केव्हाच संपली. पडद्यावर डावीकडे एक काळी रेघ उमटली आहे आणि ती हळूहळू रुंद होते आहे. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं, की हा भाग आता कुठे मिळत नाही. ते ऐकून ताईने मऊ फडकं मागून घेतलं आणि उजव्या हातानेच माझा पडदा पुसला. वेडावाकडा पुसला गेला, पण मला बरं वाटलं.

एखाद्या दिवशी मी बंद पडेन. त्याआधी तुम्हाला एक विनंती करते. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून झटकत जा. आणि तुमच्या घरात कुणी खुर्चीत गप्प बसून असेल, तर त्याच्यासाठी काय आणावं याचा फार विचार करू नका. आधी त्याला विचारा. नाहीच बोललं, तर त्याच्या शेजारी बसा, एखादा खेळ मांडा आणि मनापासून हरा.