भुईरिंगणीला आवतण

मी एक जुनी भुईरिंगणी आहे. आहे कसली, होते. आता मुळासकट बांधावर पडून वाळते आहे. कुणी मला रिंगणी म्हणतं, कुणी काटेरिंगणी, वैद्यबुवा कंटकारी म्हणतात. अनवाणी चालणारे जे म्हणतात ते, मित्रांनो, तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

राणीसावरगावच्या माळाला, दिनकररावांच्या पडीक रानात मी भुईला चिकटून वाढले. पानापानावर काटे, जांभळी फुलं, गोटीएवढी पिवळी फळं. शेळीसुद्धा मला तोंड लावायची नाही. पण दाढ ठणकली की माझ्या बियांची धुरी आणि खोकला हटेना की माझ्या मुळीचा काढा! तेव्हा बरी माझी आठवण व्हायची.

निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं झाली होती. मेंढरं राखणारी कासाबाई एका संध्याकाळी आली. तिची लेक बानू पंधरा दिवस खोकत होती, पोटात अन्न ठरत नव्हतं. कासाबाईनं मला हळदकुंकू वाहिलं, तांदूळ ठेवले. "रिंगणीबाई, उद्या न्यायला येते. माझी बानू तेवढी वाचव," म्हणाली. औषधाच्या झाडाला असं आदल्या दिवशी आवतण द्यायचं आणि सकाळी अवाक्षर न बोलता न्यायचं, नाहीतर गुण जातो, अशी त्यांची रीत. मी केवढी हरखले होते!

सकाळी ती आली, तर बांधावर दिनकरराव. नव्या कुळकायद्याच्या आधारानं पडीक रान कुणीतरी बळकावेल, ही त्यांना धास्ती. "कासाबाई, कुणाच्या इजाजतीनं शिरलीस?" ती गप्प. "अगं, तुलाच विचारायलोय!" ती मान खाली घालून खुरप्यानं माझ्याभोवती उकरू लागली. मालकांचं डोकं फिरलं. "एवढा माज? चंद्रभान, तो काटाच उपटून टाक!" त्यांच्या गड्यानं कुदळीच्या एका घावात मला उपटून फेकलं.

तेव्हा मात्र कासाबाईच्यानं राहवलं नाही. "मालक, लेकीच्या औषिदाला आले वो! लय खोकायलीय."

दिनकरराव ओशाळले. उघड्या हातांनी त्यांनी मला उचललं, काटे रुतले तरी सोडलं नाही. "घे बाई, ने. आधी सांगायचंस की!"

"आता बोलले मी. आता गुण न्हाई हिच्यात," म्हणाली आणि रिकाम्या हातानं गेली.

अरे, होता ना गुण! मुळी ओली होती, रस तसाच होता. पण मला कुठं बोलता येतं?

चौथ्या दिवशी मेंढरं बांधावरून गेली. मागं कासाबाई एकटीच होती. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मित्रांनो, गप्प माणसाच्या अंगावर ओरडण्याआधी क्षणभर थांबत जा, एवढंच. माझं बी पुन्हा कुठंही रुजेल. बानू सहा वर्षांची होती.